तोंडी सांगितलेलं

सही ओळखायला तिला क्षणसुद्धा लागला नाही. आदल्या पाळीतून आलेला कार्डांचा गठ्ठा टेबलावर होता. विमानाच्या नेहमीच्या तपासणीत जेवढी कामं तेवढी कार्डं. प्रत्येकावर काम करणाऱ्या मेकॅनिकची सही, खाली ते काम पाहून पास करणाऱ्या इंजिनिअरची सही, शेजारी त्याचा शिक्का. ती रोजच्यासारखी एकेक कार्ड उलटत होती, चौकोन भरलेत, तारीख आहे, शिक्का रेघेबाहेर गेलेला नाही, पुढे. आणि मधल्याच एका कार्डावर, टायरची हवा पाहिल्याच्या साध्याशा नोंदीखाली, ती सही बसलेली होती. पहिलं अक्षर मोठं, पोट सुटलेलं, मग मधे अक्षरंच नाहीत, नुसती आडवी रेघ, आणि शेवटी खाली ओढलेला एक झटका, कुणी चपलेच्या टोकानं मुंगी पुसून टाकावी तसा. तिची जीभ दाताखाली आली. तोंडात खारट चव पसरली. शेजारच्या टेबलावरच्या बाईनं मान वर करून विचारलं, "काय गं, काय झालं?" "काही नाही, जीभ चावली." "कुणीतरी शिव्या देतंय तुला," ती बाई हसत म्हणाली आणि पुन्हा आपल्या गठ्ठ्यात शिरली. आपण शिव्या देतोय, हिनं मनात म्हटलं, आणि ते कार्ड पुन्हा पाहिलं. चूक शोधली. चूक नव्हती. टायरची हवा बरोबर होती, तारीख बरोबर होती, शिक्का चौकोनाच्या बरोबर मधोमध होता. तिला त्या मधोमधपणाचासुद्धा राग आला.

जुन्या चौकशीच्या कागदांवर तिनं ती किती वेळा पाहिली होती. म्हणजे तो इंजिनिअर परत आला होता. तिच्या भावाच्या, दादाच्या चौकशीनंतर त्याला कंपनीनं दुसऱ्या शहरातल्या तळावर पाठवलं होतं, बढती देऊन. आणि इतक्या वर्षांनी, केस पिकल्यावर, तो पुन्हा याच हँगरमध्ये उभा होता, तिच्या खोलीपासून एक जिना आणि एक लोखंडी दार ओलांडलं की पलीकडे. ही खोली रेकॉर्डची. खिडकी नव्हती. छतापर्यंत लोखंडी मांडण्या, त्यांत प्रत्येक विमानाचा जन्मापासूनचा कागद, आणि सगळ्या कागदांना येणारा तो वास, अर्धा शाईचा, अर्धा हँगरमधल्या तेलाचा, कारण मेकॅनिकची बोटं कितीही पुसली तरी कार्डाच्या कोपऱ्यावर उमटतातच. तिनं होकार दिल्याशिवाय विमानाच्या तपासणीची नोंद पूर्ण धरली जात नसे. हँगरमधले लोक तिला मागून 'चाळणी' म्हणत, आणि ते तिला माहीत होतं, आणि आवडतही होतं. तिला लहानपणी कुणी विचारलं असतं तर तिनं असलं काही होण्याचं स्वप्न सांगितलं नसतं. ती गाण्याच्या क्लासला जात होती. कॉलेजात तिचा आवाज गाजलेला होता. पण ज्या वर्षी दादाची नोकरी गेली त्या वर्षी तिनं तंबोरा माळ्यावर टाकला आणि विमानाच्या कागदपत्रांचा कोर्स घेतला. आई म्हणाली, "ज्या घरानं पोळलं त्याच घरात कशाला जातेस?" तिला नुसतं जाणून घ्यायचं होतं की कागद माणसाला कसा खातो. मग लग्न झालं, आडनाव बदललं, आणि या कंपनीत जागा निघाली तेव्हा मुलाखतीत कुणालाही कळलं नाही की ही कुणाची बहीण.

दादा मेकॅनिक होता. इंजिनाच्या तेलाच्या गाळणीचं झाकण बसवलं की त्याच्या बोल्टांना एक बारीक तार पिळून बांधतात, बोल्ट हादऱ्यानं सुटू नयेत म्हणून. त्या दिवशी त्या जाडीची तार स्टोअरमध्ये संपली होती. दादानं झाकण बसवलं, कार्डावर तेवढ्याची सही केली, आणि पाळी संपताना इंजिनिअरला जाऊन सांगितलं, "साहेब, तार राहिलीय. संध्याकाळच्या गाडीनं येणार म्हणतात. तेवढी बांधून घ्या." इंजिनिअर म्हणाला, "तू जा घरी, मी बघतो." एवढंच. दादानं हे किती वेळा सांगितलं होतं, आणि दरवेळी याच शब्दांत, एक शब्द इकडचा तिकडे नाही, जसं काही शब्द हलला तर आहे तेही जाईल. इंजिनिअरनं बघितलं नाही. कार्डावर त्याची सही झाली, विमान उडालं, वर गेल्यावर इंजिनातून तेल गळायला लागलं आणि वैमानिकानं ते परत फिरवलं. सगळे सुखरूप उतरले. चौकशीत इंजिनिअर म्हणाला, "मला काहीही सांगण्यात आलं नव्हतं. मेकॅनिकनं काम पूर्ण झाल्याचं दाखवलं." दादाजवळ दाखवायला काही नव्हतं. त्यानं तोंडी सांगितलं होतं, आणि कार्डावर तोंडी सांगितलेल्याला चौकोन नसतो. ज्या दिवशी त्याला काढलं त्या दिवशी तो स्वतःच्या मालकीची हत्यारं एका पिशवीत घालून घरी आला. पिशवी फाटून दारातच लोखंडी पाने घरंगळले, आणि सगळ्या मजल्यावर तो आवाज झाला. वहिनी बाळाला थोपटत होती, ती थोपटायची थांबली. हिला आजही कुठे स्टीलचं भांडं पडलं की आधी पाठीच्या कण्यातून काहीतरी चढतं, आणि मग कळतं की भांडं पडलं.

दोन-तीन दिवसांनी तो स्वतःच खोलीत आला. तिनं मनात त्याला उंच करून ठेवलं होतं. तो मध्यम उंचीचा निघाला, खांदे जरा पुढे झुकलेले, वाचायचा चष्मा दोरीनं गळ्यात. "नमस्कार मॅडम," तो म्हणाला, "मी नवा आलोय इथे. म्हणजे जुनाच. तुमच्या तावडीत सापडायच्या आधी ओळख करून घ्यावी म्हटलं." शेजारची बाई खुदकन हसली. ती हसली नाही. "कार्डं वेळेवर द्या आणि खाडाखोड करू नका," ती म्हणाली, "म्हणजे तावडीबिवडी काही नाही." त्यानं मान हलवली, आणि जाताना दार हळू लावलं, हातानं धरून, आवाज न करता. तिला वाटलं होतं की समोर आल्यावर आपल्याला चक्कर येईल. तसलं काही झालं नाही. उलट पोटात एक शांत, उबदार, जवळजवळ सुखाची भावना झाली, थंडीत हात खिशात घातल्यावर होते तशी. इतकी वर्षं तिचा राग बेघर होता. आता त्याला पत्ता मिळाला.

मग तिनं सुरुवात केली. तारखेचा आकडा गिरवलेला दिसला, कार्ड परत. दुरुस्तीशेजारी छोटी सही नाही, परत. सुट्या भागाच्या प्रमाणपत्रावरचा क्रमांक पुसट आहे, परत. यातलं काहीही नियमाबाहेर नव्हतं; नियमांचं पुस्तक तिच्या टेबलावरच असे, आणि कुणी तोंड वाकडं केलं की ती पान उघडून बोट ठेवी. पण दुसऱ्या इंजिनिअरांना ती फोन करून "अहो, सही राहिलीय, येऊन करून जा" म्हणत असे, आणि याला मात्र लेखी पाठवी, प्रत वरिष्ठांना. तो प्रत्येक वेळी येई. जिना चढून आल्यावर त्याला जरा दम लागे. तो चष्मा डोळ्यांवर चढवी, दाखवलेल्या जागी सही करी, आणि म्हणे, "बरोबर आहे तुमचं." एकदाही आवाज चढवला नाही. तिला हवा होता तो चढलेला आवाज. भिंतीवर चेंडू मारावा आणि भिंत उशीची निघावी, तसं होत होतं. एकदा हँगरमधला एक मेकॅनिक, ज्याला सतत बडबड करतो म्हणून सगळे रेडिओ म्हणत, कार्डं द्यायला आला आणि निघता निघता म्हणाला, "मॅडम, एक बोलू? त्या साहेबांचं आणि तुमचं काही मागच्या जन्मीचं आहे का?"

"का?"

"नाही, त्यांचा गठ्ठा आला की तुम्ही खुर्ची पुढे ओढता. आमच्या गठ्ठ्याला नाही ओढत. मी बघितलंय."

"तुम्ही जिभेला विश्रांती देत जा थोडी," ती म्हणाली. पण त्यानंतर तिनं खुर्ची पुढे ओढणं बंद केलं. घरी नवऱ्यानं सांगितलं, "तू झोपेत दात खातेस हल्ली. जनावर आहे की काय उशीत, असं वाटतं." दातांच्या डॉक्टरनं दाढेला पडलेली चीर आरशात दाखवली आणि विचारलं, कसला ताण आहे का? नाही, ती म्हणाली. खरंच ताण नव्हता. ताण ओढाताणीत असतो; ती एकाच बाजूला होती. दादाला यातलं काही सांगितलं नव्हतं. दादा आता उंच इमारतींच्या लिफ्ट दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीत होता. "अजूनही माणसांना वरच चढवतो," असं तो पाहुण्यांना सांगून हसे, आणि पाहुणेही हसत, आणि ती त्या वेळी खाली बघे.

मग तो दिवस आला. चाकं बदलल्याचं कार्ड होतं. चाकाचे बोल्ट ठरलेल्या जोरानंच आवळायचे असतात, कमी नाही की जास्त नाही, आणि त्यासाठी जोर मोजणारा एक पाना असतो, टॉर्क रेंच. त्या पान्याचा क्रमांक कार्डावर लिहायचा असतो. क्रमांक लिहिलेला होता. रेडिओची सही होती. खाली पोट सुटलेलं अक्षर, आडवी रेघ, झटका. ती पुढे जाणारच होती, पण तो क्रमांक कुठेतरी आताच वाचल्यासारखा वाटला. तिनं हत्यारांच्या स्टोअरची यादी काढली. तो पाना आदल्याच दिवशी तपासणीसाठी बाहेरच्या प्रयोगशाळेत गेलेला होता. म्हणजे काम झालं त्या वेळी तो या इमारतीत नव्हताच.

रेडिओची सवय तिला माहीत होती. काम सुरू करायच्या आधीच तो कार्डाचे चौकोन भरून मोकळा होई, सवयीचा क्रमांक टाकून. त्यानं तो तसाच टाकला असणार. पण मग बोल्ट आवळले कशानं? आणि इंजिनिअरनं पाहिलं काय? विमान दुपारच्या फेरीला लागलेलं होतं. पडद्यावर अजून प्रवासी चढत असल्याचं दिसत होतं. अशा वेळी काय करायचं हे खोलीतल्या शिपायालाही ठाऊक होतं: फोन उचलायचा, हँगरला सांगायचं, विमान थांबवा. हँगरचा माणूस धावत जाई, बोल्ट पुन्हा आवळी, क्रमांक दुरुस्त होई, थोडा उशीर, थोडी बोलणी, आणि विषय संपे. तिनं फोनवर हात ठेवला आणि तसाच राहू दिला. कारण दुसरंही एक होतं. विमान उडालं, आणि मग हे कार्ड वर गेलं, तर ती चूक राहत नव्हती, गुन्हा होत होता. मग बोलणी नसती, इंजिनिअरचा परवाना गेला असता. फोनचं प्लास्टिक तळहाताखाली गरम झालं. समोर चहा होता, त्यावर साय धरत होती, आणि तिला ती साय धरताना दिसत होती, कडेकडून मधे येणारी. एका चाकाला किती बोल्ट असतात. सगळेच थोडे सैल असतील? रेडिओचा हात जड आहे, त्यानं साध्या पान्यानंही पुरेसे आवळले असतील. नसतीलही. पडद्यावरची ओळ बदलली: दारं बंद होण्याच्या बेतात. शेजारची बाई कुणाशी तरी मुलाच्या तापाबद्दल बोलत होती. आणि तिला, का कोण जाणे, तेलगळतीच्या दिवसाचा दादा आठवला. त्याला घरी फोन आला होता, ती समोरच होती. फोनवरचा माणूस ओरडून काय काय सांगत होता, तार, गाळणी, तुझी सही, आणि दादानं सगळ्यात आधी विचारलं होतं, "माणसं उतरली ना सगळी?" स्वतःचं नंतर. तिला त्याचा त्या क्षणी भयंकर राग आला, असल्या दादाचा, ज्याच्यामुळे तिला हे करता येत नव्हतं. तिनं फोन उचलला आणि विमान थांबवलं.

पण फोन ठेवल्यावर तिनं प्रकरण हँगरवर सोडलं नाही. तिनं लेखी अहवाल लिहिला, क्वालिटीच्या प्रमुखांना, आणि प्रत सरळ सरकारच्या नियामक कार्यालयाला, म्हणजे आता आतल्या आत मिटवायची कुणाचीही छाती होणार नाही. तसं करायला नियमानं मुभा होती, बंधन नव्हतं. प्रमुख धावतच वर आले. "अहो, मला विचारायचं तरी एकदा! प्रत बाहेर गेली आता!" "पान उघडून दाखवू का?" तिनं विचारलं. त्यांनी तिच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं आणि ते जिना उतरून गेले. प्रवासी उतरवले गेले. बोल्ट तपासले. दोन बोल्ट ठरलेल्या जोरापेक्षा बरेच सैल निघाले. म्हणजे ती बरोबर होती, आणि सगळी खोली तिच्याकडे बघत होती, आणि कुणीतरी म्हणालं, मॅडम, तुम्ही माणसं वाचवलीत. ती पाणी प्यायली. पाणी दाढेच्या चिरेत थंडगार शिरलं.

चौकशीच्या आदल्या दिवशी रेडिओ आला. दारातच उभा राहिला. त्याचा चेहरा बोलणं काढून घेतल्यावर इतका लहान दिसत होता की तिनं त्याला क्षणभर ओळखलं नाही.

"मॅडम, मी साहेबांना सांगितलं होतं हो. पाना बाहेर गेलाय, दुसरा मागवलाय, तोवर हातानंच आवळून ठेवतो, तुम्ही सही थांबवा. ते हो म्हणाले. मग त्यांना पलीकडच्या विमानावर बोलावलं, मलाही दुसरीकडे पाठवलं. क्रमांक मी आधीच टाकून ठेवला होता, ती माझी चूक. पण सांगितलं होतं मी."

"लिहून दिलं होतं?"

"असं कोण लिहून देतं? उभ्या उभ्या सांगितलं."

"मग उद्या हेच सांगा."

"माझ्यावर कोण विश्वास ठेवणार, मॅडम? मी दिवसभर बडबडतो. त्यातलं खरं कुठलं, हे कोण शोधत बसणार?"

तिला ठाऊक होतं उद्या काय होणार. इंजिनिअर तेच वाक्य म्हणेल, मला काहीही सांगण्यात आलं नव्हतं, तेच, दादाच्या वेळचं. आणि त्या क्षणी ती उठेल. तिच्या फायलीत जुन्या चौकशीतल्या त्याच्या जबाबाची प्रत होती. ती दोन्ही जबाब शेजारी शेजारी ठेवील, तेव्हाची तार, आताचा बोल्ट, तोच माणूस. ते सगळं तिनं पाठ केलं होतं. रेडिओ गेल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्या या योजनेत त्यानं आधी थोडं बुडणं गरजेचं आहे. आपण त्याला धीर दिला नाही तो त्यामुळेच. हे तिला कळलं, आणि तरी तिनं मन बदललं नाही. गळाला लावायला काहीतरी लागतंच.

चौकशीची खोली छोटी होती, लांबट टेबल, भिंतीवर आग लागली तर कुठून पळायचं याचा नकाशा. नियामक कार्यालयाचा अधिकारी, क्वालिटीचे प्रमुख, कंपनीचा एक वकील. ती रेकॉर्डच्या वतीनं कोपऱ्यात, मांडीवर फाइल. रेडिओ आधी बोलला, अडखळत, तीन वेळा पाणी मागून. मग इंजिनिअरला विचारलं गेलं: पान्याबद्दल तुम्हाला काही सांगण्यात आलं होतं का? तिनं फाइलचा बंद सोडला. बोट बरोबर त्या पानावर होतं. त्यानं चष्मा काढला, दोरीवर सोडला, आणि म्हणाला, "हो. त्यानं मला सांगितलं होतं."

वकील पुढे सरकला. "तुम्ही विचार करून उत्तर द्या. घाई नाही."

"विचार केलाय. त्यानं सांगितलं होतं, सही थांबवा. मी हो म्हटलं. मग परत आलो, कार्डं समोर होती, मी विसरलो आणि न बघता सही केली. त्याचा दोष क्रमांकाचा. बाकीचं माझं."

अधिकाऱ्यानं ते लिहून घेतलं. पेनाचा आवाज येत होता. रेडिओ खाली मान घालून रडायला लागला, आवाज न करता, तळहात डोळ्यांवर दाबून. तिचं बोट पानावर तसंच राहिलं. तिला उठायचं होतं. उठून म्हणायचं काय? तिनं पाठ केलेल्या सगळ्या शब्दांची तोंडात माती झाली. तिच्या हातातून कुणीतरी, तिच्यादेखत, तिची इतक्या वर्षांची वस्तू काढून घेतली होती आणि ती या रडणाऱ्या माणसाला देऊन टाकली होती. ते दादाचं होतं. ते वाक्य दादाचं होतं. त्याच्यावर त्याचं नाव होतं, आणि हा बडबड्या ते घेऊन घरी जाणार होता. तिला रेडिओचा हेवा वाटला, इतका, की क्षणभर तिला रेडिओचाच द्वेष वाटला. इंजिनिअरचा परवाना निलंबित झाला. रेडिओला ताकीद मिळाली. प्रमुखांनी तिचे लेखी आभार मानायचं ठरवलं.

बाहेर जिन्यावर तिनं त्याला गाठलं. तो कठड्याला धरून सावकाश उतरत होता.

"सर."

तो थांबला. "बोला मॅडम. तुमचं बरोबर होतं."

"हेच तेव्हा का नाही सांगितलंत?"

"कधी?"

तिनं दादाचं नाव घेतलं. आडनावासकट. मग म्हणाली, "मी त्याची बहीण."

त्यानं तिच्याकडे बघितलं, आणि मग बघणं सोडून दिलं. त्यानं कठड्यावरच्या उडालेल्या रंगावरून अंगठा फिरवला. "तेव्हा मुलं लहान होती," तो म्हणाला. "बायको म्हणाली, एकजण जाणारच आहे, तर तो तुम्हीच का? मला त्यावर उत्तर सुचलं नाही. आता ती नाही. मुलं आपापल्या संसाराला लागली. आता असं विचारणारं घरात कुणी नाही."

"त्याचीही मुलगी लहान होती."

"माहीत आहे. झाली तेव्हा त्यानं सगळ्या हँगरला चहा पाजला होता. मीही प्यालो होतो." मग म्हणाला, "त्याला माझा..."

"तुमचे निरोप पोचवायला मी बसलेले नाही," ती म्हणाली. तिचा आवाज चढला होता, जिनाभर घुमला. त्यानं मान हलवली आणि तो खाली गेला. तिला हवी होती ती त्याची शरम होती, घाबरणं होतं, खोटं होतं. त्यानं दिलं ते कारण. इतकं लहान, घरगुती, कुणाच्याही घरात मावेल असं. तिच्या नवऱ्यानं विचारलं असतं, तुम्हीच का, तर तिला तरी काय सुचलं असतं? हा विचार आला तसा तिनं तो पायाखाली दाबला. पण तो मेला नाही, तळव्याला टोचत राहिला, ती बसमध्ये चढली तरी.

घरी न जाता ती दादाकडे गेली. सांगायचं ठरवलं नव्हतं. पण राग एकटीनं धरून हात दुखून आले होते, कुणीतरी दुसरं टोक धरायला हवं होतं. दादा स्वयंपाकघराच्या ओट्यावर चादर अंथरून उद्याच्या शर्टाला इस्त्री करत होता. वहिनी खुर्चीत बसून नखं कापत होती. "आज इकडे कशी वाट चुकलीस?" वहिनी म्हणाली. तिनं उभ्यानंच सगळं सांगितलं: तो परत आलाय, ते कार्ड, ते बोल्ट, चौकशी. दादा ऐकत होता आणि इस्त्री फिरवत होता, कॉलरपासून खाली, सवयीनं. "बघ, गेला परवाना त्याचा," ती म्हणाली. "गेला शेवटी."

"तो काय म्हणाला?" दादानं विचारलं.

"कुठे?"

"चौकशीत. त्याचे शब्द सांग. जसेच्या तसे."

तिला तेव्हा थांबता आलं असतं. "म्हणाला, त्यानं मला सांगितलं होतं. मी न बघता सही केली."

"पुन्हा सांग."

तिनं पुन्हा सांगितलं. दादानं इस्त्री उभी ठेवली, बटण बंद केलं, वायर गुंडाळली, नीट, फेऱ्यावर फेरा. मग म्हणाला, "म्हणजे येत होतं त्याला."

"काय?"

"बोलता येत होतं." त्याचा आवाज अगदी साधा होता. "मी काय धरून चाललो होतो माहितीये, चिमे? की त्याच्यात ते नाहीच. एखाद्याला पोहता येत नाही, तर त्यानं उडी मारली नाही म्हणून काय रागवायचं? भित्रा माणूस. बनलाय तसा. मी झोपायचो त्याच्यावर. हिला विचार. रोज स्वतःला सांगून झोपायचो, त्याला जमलंच नसतं." त्यानं शर्ट उचलला, आणि तो अंगासमोर धरून तसाच उभा राहिला. "आणि त्याला येत होतं. सगळा वेळ येत होतं. त्यानं माझ्या वेळी ठरवलं, नाही."

"अहो," वहिनी म्हणाली, "झालं ते झालं. आता त्यालाही शिक्षा..."

"तू गप्प बस," दादा म्हणाला. इतक्या वर्षांत तिनं त्याला वहिनीशी असं बोलताना ऐकलं नव्हतं. वहिनीनंही ऐकलं नसावं, कारण तिच्या हातातलं नखं कापायचं यंत्र उघडंच राहिलं. दादाच्या मानेवरची शीर वर आली होती आणि चेहरा तरुण दिसत होता, भयंकर तरुण, नोकरी गेली त्या वर्षीचा. त्या वर्षी जो राग त्याच्या चेहऱ्यावर यायला हवा होता आणि आला नव्हता, तो आता आला होता, न वापरलेला, कोरा. हेच तिला हवं होतं. हे दुसरं टोक. ती दाराकडे एक पाऊल मागे सरकली.

"राहतो कुठे तो?" दादानं विचारलं.

त्याचा पत्ता तिला पाठ होता, इमारत, मजला, दाराचा क्रमांक. कर्मचाऱ्यांच्या फायली तिच्याच खोलीत असत. वहिनी तिच्याकडे बघत होती, डोळे न हलवता, आणि मान अगदी थोडी, दिसेल न दिसेल इतकी, नको म्हणून हलवत होती.

"माहीत नाही," ती म्हणाली.

"माहीत आहे तुला," दादा म्हणाला, आणि शर्टात हात घालून बटणं लावायला लागला.